बिनवासाची वडी

उस्मानपुऱ्यातल्या एक बाई दर दोन महिन्यांनी साबण न्यायला बजाजनगरला माझ्याकडे येतात. वडी हातात घेतात, नाकाशी नेतात आणि दर वेळी विचारतात, "ह्याला वास कसा नाही हो?" मीही दर वेळी तेच सांगते, "वासच हवा असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात गुलाब आहे, चंदन आहे, लिंबू आहे. माझ्याकडे नुसता साबण आहे." गिऱ्हाइकाशी असं बोलू नये हे मला कळतं. पण त्या हसतात, सहा वड्या पिशवीत टाकतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा हजर होतात.

साबणाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. घरी केलेला चांगला की कंपनीचा, असं हल्ली लोक फार गंभीर चेहऱ्यानं विचारतात, जसं काही एक देव आहे आणि दुसरा राक्षस. माझ्या मोरीत दोन्ही आहेत आणि मला त्याची लाज नाही. पाहुणे आले की मी कंपनीचा गुलाबीच काढते. पण कोणता साबण कुणाच्या अंगाला लावायचा, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. ते मला एका मेंढीनं शिकवलं, आणि शिकवताना माझी पुरती जिरवली.

माझं माहेर कन्नडकडचं, मेंढरांचं. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचे, खानदेशात उन्हाळा काढायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते मेंढरांवर. आणि त्या घरातला साबण माय स्वतः करायची. अंगणवाडीच्या बाईंकडून ती ते शिकली होती. रेशनचं पामतेल, कन्नडच्या बाजारातून आणलेला कास्टिक सोडा आणि पाणी, एवढाच कारभार. सोडा पाण्यात पडला की पाणी चुलीशिवायच तापायचं, वाफा निघायच्या. आम्हा पोरांना लांब उभं करून, तोंडाला पदर बांधून माय लाकडानं ढवळत राहायची. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं चालायचं नाही, सोडा ते खाऊन टाकतो. लोखंडी घमेलंच लागायचं. दाट झालं की फळ्यांच्या खोक्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं वड्या कापायच्या आणि दोन-तीन महिने छपराखाली वाळवायच्या. पिवळट, ओबडधोबड वडी. वास म्हणाल तर कसलाच नाही.

एकदा बाजारात दुकानदारानं सोड्याच्या पुडीबरोबर गुलाबाच्या अर्काची बाटली पुढं केली. "दोन थेंब टाका, मावशी, घर घमघमेल." मी मायचा पदर ओढला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन आणि त्या बाटलीसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. मायनं बूच काढून हुंगलं, बाटली परत दिली आणि म्हणाली, "आमच्यात नाय चालत." का नाही चालत, ते सांगितलं नाही. माय चिकट आहे, असा निकाल मी लावला आणि तो बरीच वर्षं मनात जपून ठेवला.

लग्न होऊन मी बजाजनगरला आले. नवरा वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर. कंपनी दर महिन्याला कामगाराला दोन साबण द्यायची आणि वर्षाला एक टॉवेल. गुलाबी साबण, चकचकीत कागदात गुंडाळलेला. पहिल्या महिन्यात मी तो वापरलाच नाही, कपड्यांच्या घड्यांत ठेवला आणि दिवसातून चार वेळा कपाट उघडलं. पुढं वापरायला लागले तेव्हा आंघोळीनंतर स्वतःचाच हात हुंगत बसायची. नवरा म्हणायचा, "अगं, जेवायला वाढ, हात काय खायचाय का?" मला वाटायचं, मी आता मेंढरांच्या वासातून सुटले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायचं ते खरं.

माय येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिच्या वड्या पाठवत राहिली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या, सहा-सहा. एकही मी अंगाला लावली नाही. नवऱ्याचे ग्रीसचे कपडे धुतले, फरशी घासली, उरलेल्या शेजारणींना वाटल्या. एक वडी लोखंडी कपाटाच्या पायाखाली गेली. फरशी खालीवर होती, कपाट डगमगायचं, आणि मायची वडी बरोब्बर मापाची निघाली. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं होतं.

आता मेंढीबद्दल सांगते. आमच्यात मुलीला लग्नात एक मेंढी आंदण देतात. ती मुलीबरोबर सासरी जात नाही, बापाच्याच कळपात चरते. पण तिची पिल्लं आणि त्या पिल्लांची पिल्लं मुलीची. ओळखायला कानात रंगीत दोरा. माझा दोरा निळा होता. बजाजनगरच्या दोन खोल्यांत भांडी सासूची, कपाट नवऱ्याचं, साबण कंपनीचा. माझं म्हणावं असं जगात काही होतं तर ते निळे दोरे. कुणी विचारो न विचारो, मी ऐटीत सांगायची, "माझी सात मेंढरं आहेत माहेरी." उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच हा प्रकार, पण त्यात मला मोठा आधार वाटायचा.

मग दुष्काळ पडला. एक वर्षाचा नाही, लागोपाठचा. गावाकडून निरोप यायचे आणि माझे दोरे कमी व्हायचे. सातची पाच झाली, पाचाची दोन, आणि शेवटी एकच मेंढी उरली. ती म्हातारी नव्हती, पण तरुणही नव्हती.

इकडे शहर मात्र सुसाट वाढत होतं. आमच्या खिडकीतून पूर्वी ज्वारीचं रान दिसायचं. तिथं चुन्याच्या रेषा आल्या, नंबर घातलेले दगड आले, प्लॉट पडले. घेणाऱ्यांनी घेतले, पण बांधायला पाणी नव्हतं, म्हणून ते तसेच मोकळे राहिले. नाल्याच्या कडेला थोडंफार हिरवं असायचं. कंपन्यांकडे जाणाऱ्या पाइपलाइनचा एक व्हॉल्व्ह गळायचा आणि त्याखाली डबकं साचायचं. आम्हाला चार दिवसांआड टँकर आणि कुत्र्यांना, चिमण्यांना रोजचं पाणी, अशी तेव्हाची गंमत होती.

खानदेशातल्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी कळवलं की येऊ नका, आमच्याच विहिरींनी तळ गाठलाय. तेव्हा आबांनी जन्मात पहिल्यांदा घाटाकडे पाठ केली. चार मुक्काम करत, उरलेली मेंढरं आणि माय यांना घेऊन ते आमच्या घरामागच्या प्लॉटांवर येऊन उतरले. नंबराच्या दगडांना दोरी बांधून त्यांनी कोकरांसाठी वाघर लावली, म्हणजे जाळीचं कुंपण. मी रोज दुपारी भाकरी घेऊन जायची आणि त्या दोघांना शहर कसं असतं ते समजावून सांगायची. ती दोघं मुकाट्यानं ऐकायची. आता आठवलं की वाटतं, काय सोसलं त्यांनी मला!

माझी शेवटची मेंढी तिथंच व्याली. कोकरू मादी होतं, म्हणजे वंश पुढं चालणार होता. मायनं निळा दोरा काढून ठेवला, पण बांधला नाही. मेंढीनं पिल्लाला पुरतं धरून, म्हणजे आपलं मानून, आठ दिवस उलटल्याशिवाय दोरा बांधायचा नाही, अशी आमची रीत आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन गेले. आबा मेंढरं घेऊन लांब गेले होते. ओल्या बाळंतिणीसारखी माझी मेंढी मागं ठेवली होती आणि माय व्हॉल्व्हवर घागर भरायला गेली होती. कोकरू वाघरीखालून निसटून नाल्यात पडलं होतं. पाणी नव्हतंच, कंपनीमागचा काळा तेलकट चिखल होता. मी त्याला बाहेर काढलं तेव्हा फक्त डोळे पांढरे दिसत होते.

शहाण्या बाईनं मायला हाक मारली असती. मी शहाणी नव्हते, हुशार होते. कोकरू पदरात घेऊन मी घरी पळाले, मोरीत बसवलं आणि नवा कोरा गुलाबी साबण फोडला. एकदा लावला, मन भरेना म्हणून दुसऱ्यांदा लावला. कंपनीच्या टॉवेलानं पुसलं आणि वर नवऱ्याची पावडर भुरभुरली. कोकरू असं पांढरंशुभ्र झालं की वाटेत दोन बायकांनी थांबवून त्याचा मुका घेतला. मी नाकानं कांदे सोलत प्लॉटावर परत आले.

मेंढीनं कोकराचा आवाज लांबूनच ओळखला. ओरडत धावत आली. कोकरूही धडपडत तिच्या कासेला गेलं. तिनं मान वळवली, शेपटीखाली हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि डोक्यानं अशी ढुशी मारली की कोकरू चार हात लांब जाऊन पडलं. ते उठलं, पुन्हा गेलं. पुन्हा ढुशी. तिसऱ्यांदा मेंढी त्याच्याकडे बघायचं सोडून नाल्याच्या कडेला पळाली आणि चिखलाकडे तोंड करून हाका मारायला लागली. तिचं पिल्लू तिच्या मागं उभं होतं आणि ती त्याला नाल्यात शोधत होती.

माय आली. घागर खाली ठेवून तिनं कोकरू उचललं आणि नाकाशी धरलं.

"कशानं धुतलं?"

"साबणानं. कंपनीच्या. चांगला आहे तो, माय."

"मानसाला आसंल चांगला. हिला वाटतंय, हे कोन परकं आलं."

तेवढ्यात आबा मेंढरं घेऊन परतले. एका नजरेत त्यांच्या सगळं ध्यानात आलं. कोकराच्या पाठीवरून बोट फिरवून त्यांनी बोटाकडे पाहिलं. "पावडर बी लावली व्हय? काजळ ऱ्हायलं."

मी म्हटलं, "बाटलीनं दूध पाजू, आबा. पिशवीचं दूध मिळतं."

"चार दिसाच्या पिल्लाला पिशवीचं? हगवन लागून मरंल. आन् हिची कास आटंल ते येगळंच. दीस मावळायच्या आत धरलं तर धरलं, न्हाय तर सोड नाद."

ते रागावून बोलले नाहीत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले, त्यानं मी जास्त घाबरले. आम्ही डबक्याच्या पाण्यानं कोकरू धुतलं. पावडर गेली, वास जाईना. ज्या वासावर मी इतकी भाळले होते त्याचा हाच तर गुण होता, तो जात नव्हता. माय म्हणाली, "म्या धाडलेल्या वड्या हायेत न्हवं? एक आन जा. त्यानं उतरंल."

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला बाजारातली ती बाटली आठवली. मायचे हात दिवसभर कोकरांच्या अंगावरून फिरायचे. ती अंग धुवायची त्याच साबणानं घरातली सगळी धुवायची. त्या साबणाला वास असता तर आमच्या कळपातल्या एकाही मेंढीला आपलं पिल्लू धड ओळखू आलं नसतं. चिकटपणा कसला? माय जनावरांच्या नाकाला जपत होती. मला ते कधी सांगितलं नाही, कारण मेंढपाळाच्या पोरीला हे सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी "आणते" म्हणाले आणि पळाले. मायला खरं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. घरी मोरी पाहिली, माळा पाहिला, ज्या शेजारणींना वड्या दिल्या होत्या त्यांची दारं वाजवली. सगळ्यांच्या कधीच संपल्या होत्या. एकीनं तर कौतुकानं सांगितलं, "क्या साबुन था भाभी, कढई चमकून गेली." मी हात हलवत घरी परतले. पहिल्या पाळीहून घरी आलेला नवरा कपडे बदलत होता. काय झालं ते ऐकून तो म्हणाला, "अगं, कपाटाखाली आहे की एक." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

त्यानं कपाट तिरकं धरलं आणि मी वडी ओढून काढली. मग त्यानं ड्रमाचं झाकण उघडलं. टँकर परवा येणार होता आणि ड्रम जेमतेम अर्धा होता. व्हॉल्व्हचं पाणी बोअरचं, आणि बोअरच्या पाण्यात कुठलाच साबण धड चालत नाही, दुधासारखा फाटतो. मायचाही फाटतो, हे कबूल करायला हवं. नवऱ्यानं दोन घागरी भरल्या आणि एक स्वतः उचलली. "मी आज ग्रीससकट झोपतो," म्हणाला. मी त्याच्यावर जन्मात जितक्यांदा चिडले त्यातले निम्मे राग मी त्या एका वाक्यापायी सोडून दिले आहेत.

वाटेत मी वडी पाहिली. कपाटाच्या पायाचा गोल खड्डा तिच्यात रुतला होता, गंजाच्या तांबड्या कडेसकट. मी ती उलटी करून मायच्या हातात दिली. पण साबण हाताळणारे हात ते. वडी तळव्यावर फिरली आणि मायचा अंगठा नेमका त्या खड्ड्यात जाऊन बसला. तिनं खाली पाहिलं. आबांनीही पाहिलं आणि ते मेंढरांकडे तोंड करून उभे राहिले.

"कशाखाली व्हती?"

"कपाटाच्या."

"किती दीस?"

"वर्ष होऊन गेलं."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला फटकावेल. दोन्ही चाललं असतं. माय म्हणाली, "बरं झालं. जुनी वडी लई मऊ आसती. नव्यानं पिल्लाची कातडी भाजली आसती." आणि तिनं कोकरू मांडीवर घेतलं.

मी पाणी ओतत होते, माय चोळत होती. आबा पाठमोरे राहूनच सांगत होते, "शेपटीखाली नीट. ती तिथंच हुंगती." फेस फारसा आला नाही, पण गुलाबाचा वास पहिल्या घागरीला पातळ झाला आणि दुसरीला गेला. आता कोकराला कसलाच वास नव्हता. मग आबांनी मेंढी गुडघ्यात धरून तिच्या कासेचं चार धारा दूध ओंजळीत काढलं, त्यात चिमूटभर मीठ कालवलं आणि कोकराच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीखाली चोळलं. दिवस कंपन्यांच्या पत्र्यांपर्यंत उतरला होता. आबांनी मेंढी सोडली.

ती आली. हुंगली. मागं सरकली. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर त्यावर नखं उठलेली दिसली. मेंढी पुन्हा आली, मिठाला जीभ लावली, मग पाठीला, मग शेपटीखाली बराच वेळ. आणि घशातल्या घशात घुरघुरली. तो आवाज मेंढी फक्त स्वतःच्या पिल्लाजवळ काढते. कोकरू कासेला लागलं आणि त्याची शेपटी थरथर हलायला लागली.

मायनं कनवटीचा निळा दोरा काढला आणि तिथंच कोकराच्या कानात बांधला. आबा म्हणाले, "आगं, आठ दीस कुठं झालेत?"

"आज काय रीत बघता. लेकीचा जीव गेला व्हता."

मग तिनं वडी पदरानं पुसली, खड्ड्याची बाजू वर करून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घे. कपाट डगमगत आसंल."

मी नंबराच्या दगडावर बसून ढसाढसा रडले. माय शेजारी बसून हसत होती, पाठीवरून हात फिरवत होती आणि त्या हाताला कसलाच वास नव्हता. त्या पावसाळ्यात मी कन्नडला जाऊन तिच्याकडून साबण शिकले. त्या प्लॉटांवर आता तीन-तीन मजले उभे आहेत. आबांचा कळप आता माझा भाऊ राखतो, त्यात आज निळ्या दोऱ्याची अकरा मेंढरं आहेत, सगळी त्याच कोकराची.

ती वडी मी वापरून संपवली, अंगाला लावून. कपाटाखाली त्यानंतर काही ठेवलं नाही. ते अजून डगमगतं.